उशीच्या उंचीवर

चष्मा खाली पडला म्हणून ती वाकली, एवढंच झालं होतं. बाबांच्या छातीवरून घरंगळून तो खाटेखाली गेला, तिने गुडघे टेकून हात घातला, चष्मा सापडला, आणि खाटेची कड धरून ती उठणार एवढ्यात बाबा काहीतरी पुटपुटले. ऐकू आलं नाही म्हणून तिने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. गाल उशीला टेकला. "काय म्हणालात?" "म्हटलं, फुटला नाही ना." "नाही." "मग ठेव तिकडे, खणात." ती हो म्हणाली, पण उठली नाही, कारण तिची नजर खिडकीकडे गेली होती. ही खिडकी तिच्या चांगली ओळखीची. खाली फुलझाडांचा पट्टा, मग कुंपण, काठाकाठाने जाणारी पायवाट, मग नदी, नदीपलीकडे उंच सडपातळ झाडांची रांग आणि त्यामागे बसके, निळसर डोंगर. पण उशीवरून पाहताना खिडकीची चौकट वर सरकली होती. फुलझाडं तिने गिळली होती, पायवाट गिळली होती. नदी होती, पण चौकटीच्या वर दोरा ताणून धरावा इतकीच. झाडं होती, डोंगर होते. आणि मग तिच्या डोळ्यांनी, तिने न सांगता, वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यावर एक लाल रेघ ओढली. होणाऱ्या भिंतीचा वरचा काठ. उभं राहून पाहिलं की ती रेघ पाण्याच्या अलीकडून जायची, नदी मोकळी राहायची. आत्ता ती डोंगरांच्याही वरून गेली. नदी गेली. झाडं गेली. डोंगर गेले. उरलं ते थोडं आकाश, तेही वरचं, ज्यात काही घडत नाही असं.

ती उभी राहिली. सगळं जागच्या जागी परत आलं. ती खाली बसली, मान उशीला लावली. सगळं गेलं. पुन्हा उठली. "काय गं, कवायत करतेस?" बाबा म्हणाले. "पाठ धरली असेल," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. ते आयुष्यभर विमा विकलेले गृहस्थ. अंथरुणाला खिळले तरी बोलणं थांबलेलं नाही, म्हणून बाबांनी त्यांचं नाव रेडिओ ठेवलं होतं. "माझ्या बहिणीची अशीच धरायची. तिला मी सांगायचो, एक पॉलिसी काढून ठेव." "आणि काढली तिने?" बाबांनी विचारलं. "छे! पाठ बरी झाली तिची." दोघं हसले. ती हसली नाही. ती खिडकीशी गेली, परत खाटेच्या पायथ्याशी आली आणि जिथे उभी राहिली ती नेमकी तीच जागा होती, जिथे मागे एकदा ती कामावर असताना उभी राहिली होती. गळ्यात ओळखपत्र, शेजारी कॅमेरा. तेव्हा या खाटेवर दुसरंच कुणीतरी होतं. त्या माणसाचा चेहरा आठवून पाहिला. आठवेना. तो माणूस फोटोत येऊ नये म्हणून त्यांनी कॅमेरा जरा उजवीकडे सरकवला होता, तेवढं मात्र आठवलं.

तिचं काम लोकांना पटकन समजत नसे. शहरात काही नवं उभं राहायचं असलं, पूल, मनोरा, भिंत, तर त्याने दिसणाऱ्या दृश्याचं काय होईल ते ठरवणारा एक छोटा विभाग होता, आणि त्यात ती होती. ठरावीक जागी तिवई उभी करायची, तिच्यावर कॅमेरा, कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, ना वर ना खाली, म्हणजे सगळे फोटो एकमेकांशी ताडून पाहता येतात. मग फोटोवर लाल रेघेने होणारी वस्तू काढायची आणि खाली शेरा: नगण्य, सौम्य, मध्यम, तीव्र. बाबांना तिने हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते कापडाच्या दुकानातून नुकतेच घरी आले होते, पाय कोमट पाण्यात सोडून बसले होते. "म्हणजे तू डोंगराला मार्क देतेस? मास्तरीणच झालीस की. नापास होतो का गं एखादा डोंगर?" ही भिंत पुराची होती. मागच्या पुरात या शुश्रूषागृहाच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं, आजारी माणसांना खाटांसकट वरच्या मजल्यावर न्यावं लागलं होतं. भिंत हवी याबद्दल वाद नव्हता. वाद एवढाच, की या घरासमोरचा तुकडा दगड-सिमेंटचा करायचा की जाड काचेचा. काच फार महाग. दृश्यावरचा परिणाम तीव्र ठरला तरच काच, असं ठरलं होतं. तिने पाहिलं होतं, रेघ ओढली होती आणि लिहिलं होतं: सौम्य. त्यानंतर काही महिन्यांनी बाबा न्हाणीघरात पडले. रीतसर रांगेत नाव लावून इथे जागा मिळाली, ती नेमकी त्याच खोलीत. उद्या सकाळी सुनावणी होती. तिच्या शेऱ्यावर उद्या शिक्का बसणार होता.

बाहेर पडली तेव्हा ऊन उतरत होतं. तिला संध्याकाळच्या वर्गाला जायचं होतं. वास्तुकलेच्या मुलांना ती आठवड्यातून एकदा शिकवायची, पाश्चात्त्यांनी भूदृश्याचा विचार कसकसा केला त्याचा इतिहास. रस्ता रोजचा होता, पण आज तिला तो नीट चालू देत नव्हता. बाबागाडीत बसलेलं मूल समोरून आलं आणि तिच्या मनात आलं, याच्या जगात माझ्या पर्सचा तळ आहे. तिकीटखिडकीसमोर चाकाच्या खुर्चीतली एक बाई मान वर करून आतल्या कारकुनाला काहीतरी सांगत होती, आणि कारकून तिच्या डोक्यावरून मागच्या माणसाशी बोलत होता. क्षितिज डोळ्यांच्या उंचीवर असतं. हे वाक्य ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. तुम्ही टेकडी चढलात की ते चढतं, खुर्चीत बसलात की बसतं. मुलांना गंमत वाटायची, कुणीतरी उडी मारून पाहायचं. बाबा पडले तेव्हा क्षितिज त्यांच्याबरोबर खाली आलं असणार, गुपचूप, सोबतीला आल्यासारखं. भिंती मात्र कुणासाठी खाली येत नाहीत. हे तिला माहीत नव्हतं का? माहीत होतं. इतकं माहीत होतं की ते कधी दिसलंच नाही. रस्ता ओलांडताना कुणीतरी जोरात हॉर्न दिला आणि "अहो बाई, झोपलात का?" म्हणून ओरडलं. तिला वाटलं, थांबून सांगावं, नाही हो, तिथेच तर चूक झाली.

वर्गात गेल्यावर नेहमीसारखा दिवा मालवला, पडद्यावर चित्रं उमटू लागली आणि तिचा आवाज आपोआप सुरू झाला. जुन्या काळी, ती सांगत होती, श्रीमंतांच्या घरात भिंतींवर बागा रंगवलेल्या असत; सावली, झरा, मऊ गवत, शहराच्या कटकटीतून पळून जायला एक जागा. भूदृश्य म्हणजे विसावा. मग कित्येक शतकं असं मानलं गेलं की सृष्टी ही देवाने लिहिलेली पोथी आहे, पक्षी हे एक अक्षर, दगड हे एक अक्षर, आणि ती पाहायची नसते तर वाचायची असते. (हा भाग तिला मनातून फार आवडायचा, पण मुलांपुढे ती तो भरभर उरकायची, आवडती मिठाई लपून खावी तशी.) त्याच काळाच्या शेवटी एक कवी केवळ वरून कसं दिसतं ते पाहायला म्हणून डोंगर चढला आणि माथ्यावर पोचल्यावर लाजला, की आपण आत पाहायचं सोडून बाहेर काय बघत बसलो. मग चित्र म्हणजे खिडकी असं ठरलं. एक डोळा, न हलणारा, आणि त्या डोळ्यासाठी सगळं जग ओळीने उभं राहिलं. उत्तरेकडच्या सखल देशात भूदृश्यासाठीच्या ज्या शब्दाचा अर्थ नुसता जमिनीचा तुकडा, एक मुलूख असा होता, तो चित्रकारांनी चित्रासाठी उचलला, आणि चित्रं इतकी गाजली की शब्द परत जमिनीला जाऊन चिकटला, नवा अर्थ घेऊन. आधी जमीन, मग चित्र, मग चित्रासारखी जमीन. पुढे धनवंतांनी आपल्या बागा सोनेरी उन्हातल्या चित्रांसारख्या करून घेतल्या, नजरेच्या आड येणारी गावंसुद्धा कुणी कुणी हलवली. भिंत दिसू नये म्हणून ती खंदकात उतरवली, म्हणजे गुरं बाहेर आणि नजर मोकळी. मग कड्यांची, वादळांची भीतीसुद्धा सुंदर आहे, नव्हे, सुंदराहून मोठी आहे असं सांगणारे आले. अट एवढीच, की पाहणाऱ्याचा पाय सुरक्षित जागी हवा. मग आले हौशी प्रवासी. त्यांच्या खिशात एक काळसर, फुगीर आरसा असायचा. सुंदर जागी पोचले की ते दृश्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरशात बघायचे, कारण आरशात ते चित्रासारखं दिसायचं. इथे वर्ग दरवर्षी हसायचा. आजही हसला. आणि ती मध्येच थांबली.

कारण पडद्यावर तो प्रवासी होता, पाठ करून उभा. त्याआधी डोंगरमाथ्यावर कवी उभा होता, खिडकीसमोर चित्रकार उभा होता, कड्याच्या टोकावर सुरक्षित पायाने एक कोटवाला उभा होता, महालाच्या सज्जात मालक उभा होता. सगळी शतकं उभी होती. पुढे अजून सांगायचं होतं, की नंतरच्या विद्वानांनी म्हटलं, भूदृश्य माणसाच्या कष्टाने घडतं, नांगराने, रस्त्याने. त्यानंतरचे म्हणाले, भूदृश्य ही वस्तूच नव्हे, ती पाहण्याची एक तऱ्हा आहे, बहुधा मालकाची. आणि आणखी कुणी म्हणालं, माणूस हा मुळात लपणारा प्राणी, ज्या जागेवरून आपण दिसत नाही पण आपल्याला सगळं दिसतं ती जागा त्याला सुंदर वाटते. लपायला कोपरा आणि पाहायला मोकळीक, दोन्ही. बाबांना कोपरा मिळाला होता. "मॅडम?" कुणीतरी विचारलं. "आरशाचं काय?" "आरसा," ती म्हणाली, "आरसा विभागाच्या कपाटात आहे." मुलं पुन्हा हसली, तिला विनोद करायचा नव्हता. तिला आमची तिवई म्हणायचं होतं. पाठ करूनच तर उभे होतो आम्ही, खाटेकडे पाठ करून.

वर्ग सुटल्यावर जिन्यातच तिने विभागाच्या साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने ती नवीन असताना तिच्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या होत्या, म्हणून तर जास्त जड जात होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, उद्या सुनावणी आणि आज तुम्हाला उशी आठवली?" "साहेब, त्या घरात राहणारी सगळी माणसं झोपलेली आहेत. उभे फक्त आपण होतो." "नियम उभ्या माणसाचा आहे." "माहीत आहे." "आज उशीचं क्षितिज धरलं, तर उद्या रांगणाऱ्या बाळांचं धरा म्हणतील. परवा मांजरांचं." "मांजरांचं मी म्हणत नाहीये, साहेब." मग हळूच, जवळच्या माणसाने बोलावं तसा तो म्हणाला, "तुमचे वडील तिथे आहेत ना हल्ली? मी काही म्हणत नाही. लोक म्हणतील. इतकी वर्षं मिळवलेलं नाव एका सकाळीत जाईल तुमचं, आणि विभागाचंही. शांतपणे झोपा आता." "तेच तर करून पाहिलं, साहेब," ती म्हणाली, पण फोन बंद झाला होता.

घरी येऊन तिने ताट वाढून घेतलं आणि तसंच ठेवलं. लोक म्हणतील. लोकांचं जाऊ दे, मी काय म्हणते? तिथे दुसऱ्या कुणाचा बाप असता तर मी वाकले असते का? त्या आधीच्या माणसासाठी वाकले नाही. त्याचा चष्मा पडला असता तर नर्सला हाक मारली असती. म्हणजे हे डोळे खरे कुठले, तेव्हाचे की आजचे? तेव्हा ते कोरडे होते म्हणून नीट दिसलं नाही, की आज ओले आहेत म्हणून नको ते दिसतंय? तिला वाटायचं आपण निःपक्ष आहोत. निःपक्षपणाचीही एक उंची असते, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आणि उद्या गप्प बसले तर? भिंत उभी राहील, बाबा काही बोलायचे नाहीत. ते कधीच बोलले नाहीत. आयुष्यभर कापडाच्या गठ्ठ्यांपुढे उभे राहिले, पायांच्या शिरा सुजल्या, आणि खाटेला खिळले त्या दिवशी म्हणाले, "फार उभा राहिलो, देवाने आता आडवं केलं. फिटंफाट."

तिला एकदम आठवले ते बाबांचे खांदे. ती लहान असताना, गाऊन देवाच्या गोष्टी सांगणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाकडे बाबा तिला घेऊन जायचे. मोठा मंडप, माणसांची दाटी, आणि बाबा बुटके. नेहमी उशिरा पोचायचे, दुकान बंद करून, त्यामुळे जागा मिळायची ती खांबामागे. मग ते तिला खांद्यावर घ्यायचे. तो आवाज दोघांनाही ऐकू यायचा, असा आवाज की ऐकताना आपण काहीतरी चांगलं केलंय असं वाटावं; पण दिसायचं फक्त तिला. "काय दिसतंय?" बाबा खालून विचारायचे. "दिवा दिसतोय." "पुढे?" "त्यांनी हात वर केला." "पुढे?" "आता ते रडतायत. नाही, हसतायत." "दोन्ही करत असतील," बाबा म्हणायचे आणि तिचे घोटे दोन्ही हातांनी दाबून धरायचे. ते खांबाकडे तोंड करून ऐकत असायचे, आणि तरी घरी आल्यावर आईला सगळं असं सांगायचे जसं काही पहिल्या रांगेत बसले होते. आई म्हणायची, "तुमच्यासमोर तर खांब होता." "मग माझ्या डोक्यावर काय होतं?" असं म्हणून ते तिच्या वेणीला हिसडा द्यायचे. ताटातलं अन्न निवलं होतं. तिने फोटोग्राफरला फोन केला. तो सहा फुटांच्या वर, नुसते पायच पाय, म्हणून सगळा विभाग त्याला तिपाई म्हणायचा. "सकाळी सुनावणीच्या आधी येशील? कॅमेरा घेऊन." "साहेबांना विचारलंत?" "सांगितलंय." "सांगणं आणि विचारणं यात फरक असतो, बाई." "असतो. म्हणून तुला विचारतेय." तो हसला. "येतो," म्हणाला.

सकाळी खोलीत दूध-पाव आणि जंतुनाशकाचा वास मिसळलेला होता. तिपाईने तिवईचे पाय आत सरकवले, आणखी सरकवले. "इतकी खाली जात नाही ही. आणि मीही जात नाही." तो घोटे धरून वाकला, धापा टाकत उठला. शेवटी त्याने कॅमेरा तिवईवरून काढला आणि हातात धरून घुटमळत उभा राहिला. बाबांना काय चाललंय ते कळलं असावं. त्यांनी डोकं हळूहळू उशीच्या कडेला सरकवलं. "ठेव इथेच. ये रे बाबा, तूही आडवा हो," ते कॅमेऱ्याला म्हणाले. उशीवर बाबांचं डोकं आणि शेजारी कॅमेरा, दोघं एकाच दिशेला तोंड करून. "सिस्टर, नवीन पेशंट आलाय हो," रेडिओने हाक दिली. "याला एकच डोळा आहे. विमा उतरवायला हरकत नाही." ती हसली, कालपासून पहिल्यांदा, आणि हसता हसताच सहज विचारून गेली, "बाबा, इथून नदी कशी दिसते हो तुम्हाला?"

"मला?" बाबा म्हणाले. "मला कुठली दिसायला."

"म्हणजे?"

"खिडकी उजळली की सकाळ. विझली की संध्याकाळ. एवढं दिसतं. पुष्कळ झालं की."

"आणि चष्मा?"

"तो आपला नाकाला सोबत म्हणून."

तिपाई कॅमेऱ्याच्या मागे उगाच काहीतरी फिरवत राहिला. "सांगितलं का नाहीत?" "तू डोळ्यांचं काम करणारी. तुला कशाला घोर लावायचा?" सगळी संध्याकाळ, सगळी सकाळ तिने ज्या एका गोष्टीची भीती धरली होती, की हे मी बापासाठी करतेय, ती गोष्टच जागेवर नव्हती. बापाला नदी दिसतच नव्हती. मग काल उशीवर गाल टेकून मी कुणाची नदी पाहिली? हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट पायाखालचं काढून घेतल्यासारखं झालं, कारण प्रेमाचा आधार निदान होता, आता तोही नव्हता. "पण मला सगळं ठाऊक असतं हं," बाबा सांगत होते. "हा रेडिओ आहे ना. उठल्यापासून चालू. होडी आली, लाल शिडाची. पलीकडे कुत्रा पोहतोय. झाडांचा शेंडा पिवळा पडला. काल म्हणे एक बाई पलीकडच्या काठावर बसून नुसती रडत होती." "रडून झाल्यावर तिने सफरचंद खाल्लं," रेडिओने दुरुस्ती केली. "ते महत्त्वाचं." "हो, खाल्लं." भिंतीचं त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. "भिंत झाली तर?" तिने विचारलं. बाबांनी तोंड छताकडे केलं. "तर काय, तो सांगेलच. त्याचं तोंड कोण बंद करणार? पण मग तो खोटं सांगेल. मला ते कळेल. आणि मला कळलंय हे त्याला कळेल." रेडिओ पहिल्यांदाच काही बोलला नाही. त्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं, आणि त्या एवढ्याशा गप्प बसण्यात तिला खोलीतल्या सगळ्या खाटा ऐकू आल्या, वरच्या मजल्यावरच्यासुद्धा.

सुनावणीच्या सभागृहात खुर्च्या होत्या, पंखे होते, कागद फडफडत होते. मधोमध अध्यक्षबाई बसल्या होत्या, वयस्कर, कोरड्या आवाजाच्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. साहेब पहिल्या रांगेत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या नव्या फोटोंकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती फोटो तिपाईकडे देऊन उभी राहिली. "आधी एक सांगते," ती म्हणाली. "माझे वडील त्या घरात आहेत." मागून कुणीतरी "बघा!" म्हणालं, आणि हशा पिकला. "आणि हा शेरा मी लिहिला होता, तो चुकलाय. मी उभी राहून पाहिलं." "सगळे उभे राहूनच पाहतात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हो. त्या घरात मात्र कुणी नाही." मागचाच आवाज पुन्हा: "स्वतःच्या बापाला नदी दिसावी म्हणून आमच्या पैशाची काच!" तेव्हा ते वाक्य तिच्या ओठांवर आलं. माझ्या बापाला दिसत नाही. एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. सगळं सभागृह तिच्या बाजूला वळलं असतं, साहेबानेही मान वर केली असती. तिने ते गिळलं. कारण ते म्हणणं म्हणजे नदी ज्याला दिसते त्याचीच, असं कबूल करणं. मग खांबामागे उभं राहून जो सगळं ऐकत होता त्याचं काय? आणि लाज राखायला बापाचे डोळे चव्हाट्यावर आणायचे? "हो," ती म्हणाली, "माझ्या वडिलांचीही आहे ती नदी," आणि तिपाईला खूण केली.

पडद्यावर दोन फोटो आले, शेजारी शेजारी. खोली तीच, खिडकी तीच, लाल रेघ तीच. एक उभ्या माणसाच्या नजरेचा. दुसऱ्याच्या कोपऱ्यात धूसर काहीतरी पांढरं आलं होतं. तिला कळलं की ती उशी आहे, आणि त्याच्या वर राखी रंगाचा एक डाग, तो बाबांचा कान. तिपाईने तो फोटोतून कापला नव्हता. पंख्यांखाली कागद फडफडत राहिले. तिला वाटलं, हरलो. आता साहेब उठेल आणि नियम वाचून दाखवेल. तिने कडेने पाहिलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला होता, हाताच्या तळव्यावर गाल टेकला होता, आणि त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलत होती, खांद्याकडे, अंथरुणावर पडल्या पडल्या पाहावं तशी. त्यांना ते कळलंही नसावं. मग दुसऱ्या रांगेतला एकजण कलला. मग त्याच्या शेजारचा. कुणीतरी खुर्चीत खाली घसरलं. साहेब ताठ बसला होता, पण त्याच्या पेनाचं टोपण खाली पडलं, तो ते उचलायला वाकला, आणि वाकल्यावर जितका वेळ लागायला हवा त्याहून जास्त वेळ वाकलेला राहिला.

निर्णय तसा काही झाला नाही. तो तुकडा पुढच्या बैठकीपर्यंत रोखला. सगळ्या खोल्यांतून, सगळ्या खाटांवरून पुन्हा फोटो काढावेत, "आणि हे काम तुम्ही करायचं नाही," अध्यक्षबाई तिला म्हणाल्या. "बरोबर आहे," ती म्हणाली. बाहेर पायऱ्यांवर साहेब तिच्या मागोमाग आला आणि "जेवून घ्या काहीतरी" एवढंच म्हणून निघून गेला. तो रागावला होता की नाही हे तिला कळलं नाही. ज्याला पाठवतील तो वाकेल का, हेही कळत नव्हतं. त्याचा तिथे कुणी नसेल. त्याने कॅमेरा उशीवर ठेवला तरी डोळे उभेच राहिले तर? पुन्हा सौम्य लिहिलं तर?

खोलीत गेली तेव्हा दुपार सरत होती. रेडिओला अंघोळीला नेलं होतं. त्याची खाट रिकामी, चादर ताणलेली, आणि खोली इतकी शांत की बाबा खिडकीकडे कान करून पडले होते. "आलीस? काय म्हणाले?" "थांबवलंय. पुढे बघू म्हणाले." "बरं झालं," बाबा म्हणाले, आणि भिंतीबद्दल आणखी काही विचारलं नाही. ती स्टूल ओढून बसली. मग स्टुलावरून उतरून जमिनीवर बसली आणि गाल उशीला टेकला, कॅमेरा होता तिथे. क्षितिज तिच्याबरोबर खाली आलं. बाबांच्या श्वासाची ऊब कानाला लागत होती.

"रेडिओ बंद आहे," बाबा म्हणाले. "काय दिसतंय?"

"नदी दिसतेय."

"ते ठाऊक आहे. आज कशी आहे?"

तिने इतकी वर्षं शिकवलेले शब्द शोधले. विसावा, पोथी, खिडकी, सुंदर, भयंकर, कष्ट, मालकी. एकही हाताला लागला नाही. चौकटीच्या वर तो पाण्याचा दोरा होता, त्यावर ऊन पडलं होतं, आणि ऊन पुढे जात नव्हतं पण पाणी जात होतं.

"आज तिला घाई नाही," ती म्हणाली.

बाबांचा हात पांघरुणातून बाहेर आला, चाचपडला, तिचं मनगट सापडल्यावर त्याभोवती मिटला, आणि दाबून राहिला.

"हं," ते म्हणाले. "पुढे?"